मोटारीचं तेल माझ्या ताब्यात

आमच्या घरात तेल कुठलंही असो, ते बायकांच्या खात्यात. करडईचं, तिळाचं, जवसाचं, दिव्याचं रॉकेल, सगळं कोठीच्या खोलीत, आणि कोठीची किल्ली माझ्या कमरेला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे थोरली सून म्हणून उंबरठा ओलांडला त्याच आठवड्यात किल्ली माझ्याकडे आली. पुढे मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बदली होऊन नागपूरला निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार विकत घेतली. तिच्यासाठी खामगावहून इंजिनाच्या तेलाचे डबे आणवले. ते डबेही कोणी न सांगता कोठीतच येऊन पडले, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. मला त्याचं काही नवल वाटलं नाही. तेल ते तेल.

आता मोटारीचं तेल बदलायचं तर ते मिस्त्रीकडे असतंच. चिखलीच्या मिस्त्रीकडे मोठं पिंप होतं आणि आसपासच्या सगळ्या मोटारींना तो त्यातलंच तेल घाली. पण मामाजींची गोष्ट वेगळी. गाव त्यांना संशयी म्हणे. मी म्हणेन, त्यांचा भरवसा फक्त स्वतःच्या डोळ्यांवर होता. करडई घाण्यावर दिली की ते तेल्याच्या दारात खाट टाकून बसत आणि पेंडीसकट तेल घेऊनच उठत. शिंप्याला कापड तर घरचं असायचंच, दोराही घरचा. न्हावी दाढीला आला की साबण आमच्या घरातून जायचा. तो बिचारा स्वतःच्या साबणाची वडी धोपटीतून बाहेरही काढत नसे. मग मोटारीच्या पोटात परक्याचं तेल जाऊ देतील ते मामाजी कसले?

त्यांच्या या स्वभावाची मला चीड नव्हती. घर चालवायचं तर नजर लागतेच, माझीही काही कमी नव्हती. चीड होती ती एकाच गोष्टीची, आणि ती माझ्या जिवाला लागलेली होती.

माझं माहेर देऊळगाव राजाचं. माझ्या भावाच्या लग्नाला मामाजी आले ते तूपही घरून घेऊन आले. पंगत बसली. माझे वडील स्वतः तूप वाढत फिरत होते. मामाजींच्या पानाशी आले तर मामाजींनी पानावर हात आडवा धरला आणि गड्याला म्हणाले, "आपला डबा आन रे." भर पंगतीत! वडिलांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ते म्हणाले, "आमच्या घरचं तूप खाऊन आजवर कुणी मेलं नाही, व्याही." मामाजी भरल्या पानावरून उठले. त्या दिवसापासून दोन्ही घरांची बोलचाल बंद, आणि माझं माहेर बंद. दोघेही आपापल्या गावात मान ताठ करून हिंडत होते. तुपाचं भांडण त्यांचं, आणि उपास मला.

दोन दिवाळ्या अशाच गेल्या. मग आमच्याकडे बांगड्या भरायला येणारी कासारीण एकदा देऊळगावहून आली. माझा हात हातात घेऊन, बांगडी चढवता चढवता हळूच म्हणाली, "तुही माय अंथरुनाले लागली आहे वं. दसऱ्यापासून उठली नाही. दारावर गाडी वाजली का इचारते, पोरगी आली का?"

मी त्याच दिवशी मामाजींसमोर उभी राहिले. "माईले भेटाले जाऊ द्या," मी म्हणाले. मामाजी म्हणाले, "तुह्या बापाले म्हन, आधी इथं येऊन बोल." तिकडे वडिलांना निरोप धाडला तर त्यांचं उत्तर आलं, आधी त्यांना येऊ दे. यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगावं तर ते वडिलांसमोर मान वर करायचे नाहीत. माणूस सोन्यासारखा, पण बापाच्या खोकल्यालासुद्धा "जी" म्हणणारा. मी ठरवलं, आता कोणाची वाट पाहायची नाही. कसं जायचं ते मात्र ठाऊक नव्हतं.

अशात मोटारीचं तेल बदलायचा दिवस आला. दर वेळी मामाजी स्वतः डबा घेऊन जात आणि मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहत. या खेपेला त्यांच्या पायाला गळू झालेलं, पाय जमिनीला टेकवत नव्हता. मोटार हे चालवत, पण तेल यांच्या हाती द्यायला मामाजी तयार नव्हते.

"हा तिथं चहा पीत गोठी करत बशीन," मामाजी यांच्यादेखत म्हणाले. "मंग तेल कोन पाहीन?"

मामाजींनी ओसरीवर बसल्या बसल्या सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"सूनबाई, तू जाय. डबा तुह्या ताब्यात. तेलाचा थेंब नजरेआड होऊ देऊ नको. आन् जुनं काळं तेलबी वापस आनजो, बैलबंडीच्या आसाले वंगनाले होते."

आमच्या घरच्या सुना वेशीबाहेर जायच्या तर गाडीला पडदा बांधून. तेलाच्या डब्यापुढे त्या पडद्याची काही मातब्बरी राहिली नाही. मी डोक्यावरचा पदर नीट केला, डबा मांडीवर घेतला आणि यांच्या शेजारी पुढच्या बाकावर जाऊन बसले. गावातली माणसं बघत राहिली. बघा म्हणावं. ज्या माणसाने जन्मात कोणावर विसंबून काही सोडलं नाही, त्याने मला अख्खा डबा दिला होता. तेलासाठी माझ्यावर विश्वास आणि आईला भेटायला मात्र नाही, हे तेव्हा माझ्या मनात आलं आणि मला रागही आला, सांगते.

मिस्त्री पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर कामाला होता. मोठा लिंब, त्याखाली खड्डा, खड्ड्यावर मोटार उभी करायची असा त्याचा कारखाना. माझ्या मांडीवरचा डबा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हर बारीले हेच, बाई. माह्या घरचं तेल काय पानी आहे?"

"तुमच्या तेलाले कोन नाव ठेवते?" मी म्हणाले. "आमच्या मामाजींचा रिवाजच तसा. न्हाव्याले साबनबी घरचाच भेटते. तुम्ही तरी नशीबवान, तुमची हत्यारं तुमची आहेत."

मिस्त्रीला हसू आवरलं नाही. तो खड्ड्यात उतरला, खालचा बूच काढला आणि काळं तेल आमच्याच घमेल्यात धरलं. मी खाली वाकून बघत होते. हे लांब लिंबाच्या मुळीवर बसून चहाच घेत होते, मामाजींचं म्हणणं खरं करत. मग मी डबा उघडला, नवं तेल बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. काकवीसारखं दाट आणि स्वच्छ होतं. मिस्त्रीने माझ्यासमोर ते ओतलं, डबा उपडा करून शेवटची धार तुटेपर्यंत धरला. माझं समाधान झालं.

हात पुसत तो म्हणाला, "पन एक बात आहे, बाई. तेल माहं असतं तर मी छाती ठोकून सांगतलं असतं, जा घरी. हे तेल मले माईत नाही. गाडी चांगली लांब चालवा, तापू द्या. मंग वापस आना. गरम तेल मी इंजिनातल्या पट्टीवर पाह्यतो. तवा म्हनीन गाडी ठीक."

"लांब म्हंजे किती?"

"जितकी लांब तितकं बेस. चढउताराचा रस्ता असला तर आनखी बेस."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मी आवाज सरळ ठेवून विचारलं.

"देऊळगाव राजापर्यंत गेलं तर जमते का?"

"जमते काय? याहून बरं कायच नाही."

यांच्या हातातला कप बशीवर वाजला. "अवं, बाबा काय म्हनतीन?"

"बाबांनीच सांगतलं, तेल नजरेआड होऊ देऊ नको," मी म्हणाले. "तेल आता गाडीत आहे. गाडी जिकडं जाईन तिकडं मले जावंच लागते. चाला."

यांनी कप खाली ठेवला. मग उठले, मोटारीपुढे गेले आणि हँडल मारलं. एका फटक्यात इंजिन सुरू झालं. लग्नानंतर ते मला त्या क्षणाइतके कधीच आवडले नव्हते.

रस्ता खडीचा आणि धुळीचा. पऱ्हाटीला कापसाची बोंडं फुटली होती, वेचणाऱ्या बायका मोटारीचा आवाज ऐकून कंबर सरळ करून बघायच्या. एकदाच हे म्हणाले, "तुहे बाबा मले दारातून वापस त नाही लावनार?" मी म्हटलं, "जावयाले कोन वापस लावते?" खरं तर मलाही खात्री नव्हती.

दारात मोटार थांबली तेव्हा वडील बाहेर आले. आधी मोटार पाहिली, मग जावई, मग मी. दारातून बाजूला झाले. मी चपला कुठे काढल्या ते आठवत नाही.

आई मधल्या खोलीत होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला बघून उठायला गेली आणि जमलं नाही. मी तिच्या पाठीखाली हात घालून तिला उचललं, तर माझ्या आईला वजनच नव्हतं. तिने माझे हात धरले, नाकाशी नेले.

"हाताला कशाचा वास येतोय गं?"

"मोटारीच्या तेलाचा."

"सासरी तुला मोटारीचं काम लावलं का काय?"

मी हसले आणि लगेच रडले. मग सगळं सांगितलं, डब्यापासून मिस्त्रीपर्यंत. आई ऐकता ऐकता इतकी हसली की तिला ठसका लागला. दाराशी उभे राहून वडीलही ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे तेल पण घरचंच आणलं. त्या माणसाचं काही खरं नाही." पण म्हणताना त्यांच्या मिशीत हसू होतं. मग ते बाहेर गेले आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने जावयाला म्हणाले, "हात धुवा, पानं मांडलीत."

फार थांबता येत नव्हतं. मी आईची वेणी घातली, लुगडं बदललं, दोन घास भरवले. निघताना तिने, परत कधी येशील, असं विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारल्याचं मला सगळ्या वाटेवर लागून राहिलं.

चिखलीत मिस्त्रीने पट्टी काढून पाहिली, बोटांत तेल चोळलं आणि नाइलाजाने मान डोलावली. "तेल अव्वल आहे. तुमच्या मामाजीले सांगजा, मी म्हनलो म्हनून." दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोहोचलो. वाटेत यांनी दोनदा विचारलं होतं, बाबांना काय सांगायचं. मी म्हटलं, खरं. मी काही चोरी केली नव्हती. मला माझ्या आईला भेटायचं होतं आणि मी भेटले होते.

मामाजी ओसरीवर पाय लांब करून वाटच बघत होते. मी रिकामा डबा आणि काळ्या तेलाचं घमेलं त्यांच्यासमोर ठेवलं.

"सगळं वतलं?"

"शेवटल्या थेंबापर्यंत. माह्यासमोर."

"येवढा उशीर काऊन झाला?"

"मिस्त्री म्हने, नवं तेल आहे, लांब चालवून पाहा. आम्ही देऊळगाव राजापर्यंत चालवली."

यांना एकाएकी मोटारीचं चाक तपासावंसं वाटलं, ते अंगणात गेले. मामाजी माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली नाही.

"मले काऊन नाही इचारलं?"

"आधी इचारलं होतं. तुम्ही नाही म्हनलं. आजबी नाहीच म्हनलं असतं."

त्यांनी गळवावरची पट्टी उगाच सारखी केली.

"म्हनलं असतं," ते म्हणाले. मग विचारलं, "माय कशी आहे तुही?"

"उठून बसता येत नाही तिले. म्याच उचललं तवा बसली."

मामाजींनी डोळे मिटले. त्यांच्या स्वतःच्या बायकोच्या शेवटच्या दुखण्यात घरात तिला उचलून बसवायला बाईमाणूस नव्हतं, हे मला गावातल्या बायकांनी सांगितलं होतं. त्यांनी स्वतः त्यावर कधी एक अक्षर काढलं नव्हतं, तेव्हाही काढलं नाही. डोळे उघडले आणि म्हणाले, "आता इचार."

मला आधी कळलंच नाही.

"इचार म्हनतो ना. मले इचारल्याबिगर माह्या घरची सून कुठं जात नाही."

सकाळपासून सरळ राहिलेला आवाज तिथे फुटला. "मामाजी, मी माईपाशी जाऊ का?"

"जाय," मामाजी म्हणाले. "उद्याच जाय. आन् तुही माय आपली आपन उठून बशेपर्यंत इकडं येऊ नको."