भावाच्या फोनवर उघडलेले पान

माणूस गेला तरी मागे काहीतरी उरते, असे म्हणतात. माझ्या थोरल्या भावामागे एक ब्राउझर उरला.

तो धरणगावला असायचा. निवृत्तीनंतर त्याने चार ब्राउझर पारखून पाहिले. एक जाहिराती अडवायचा, दुसरा कुणाला पाळत ठेवू द्यायचा नाही, तिसरा बॅटरी कमी खायचा. चौथा फोनवर उघडलेली पाने दुसऱ्या संगणकावरही दाखवायचा. तोच त्याने स्वतःच्या खात्यासह माझ्या जळगावच्या संगणकात टाकून दिला. "हाच वापरायचा," असे बजावलेही. मी वापरला नाही. त्यावरून फोनवर आमचे वाजले, आणि तेच शेवटचे बोलणे ठरले.

तो गेल्यावर आठव्या दिवशी, त्याचे खाते काढावे म्हणून मी तो ब्राउझर उघडला. भावाच्या फोनवर त्याच सकाळी उघडलेले पान समोर होते: 'पिंडाला कावळा शिवत नसेल तर काय करावे?' मी संगणकाची वायरच उपटली.

दहाव्याला घाटावर कावळा खरोखरच शिवेना.

"वहिनीकडे आम्ही बघू, आबा," चुलतभाऊ भावाच्या पिंडाकडे बघत म्हणाला. कावळा हलला नाही.

"तुमना फोन मीच वापरस," वहिनी रडत म्हणाली. "बठ्ठं काही त्यावरच देखस. रागे भरू नका."

पान कुणी उघडले ते मला कळले. अंगावरचा काटा मात्र गेला नाही. मी हात जोडले. "भाऊ, तुझाच ब्राउझर वापरीन."

कावळा तत्काळ उतरला.

तेव्हापासून मी तोच वापरतो. जुन्यापेक्षा हळू चालतो.