आभाळ ओलं होतं, म्हणून मी उठली नाही

पहिले आसगावच्या विहीणबाई आल्या, मागून त्यांची जाऊ. मी ओसरीत चित्र रंगवत बसली होती. आभाळाचा निळा रंग अजून ओला होता, मधातच उठली असती तर डाग पडला असता. म्हणून बायांनो, मी उठलीच नाही!

विहीणबाई म्हणाल्या, "पाहुणे दारात, आन तुमी रंग खेळून राहिल्या! या वयात कायले हे पोरखेळ?"

मी म्हटलं, "जन्मभर उठतच आली जी मी. हा एक घंटा माझा. जीव थंडा होते यानं. बसा, सून चहा आणते."

आभाळ झालं, मग धानाची रोवणी काढाले घेतली. विहीणबाई वाकून पाहतच होत्या.

"अशी असते का रोवणी? मागं मागं सरकत रोवतात!" म्हणत त्यांनी ब्रशच हिसकला. मंग काय! कागदावर वरून खाली सरकत अख्खी धानाची बांधी रोवली त्यांनी. चहा थंडा झाला.

सून विहीणबाईले म्हणाली, "मामी, जेवाले उठा."

विहीणबाई म्हणाल्या, "थांब वो, ओलं आहे!"

मी तं आता कोणासाठीच मधात उठत नाही. तुमी कोणासाठी उठता, सांगा बरं?

जाताना विहीणबाई आन त्यांची जाऊ, दोघी बुधवारी परत येतो म्हणाल्या.