केबल रुळेपर्यंत

माझा भाचा मस्कतहून स्पीकरची केबल घेऊन आला, तेव्हा ती पाहायला अर्धं सेक्टर आमच्या क्वार्टरवर लोटलं होतं. निळी, अन् अशी जाड की गल्लीतलं कुत्रं तिला अजगर समजून आठवडाभर आमच्या फाटकाकडे फिरकलं नाही. ती जोडली त्या संध्याकाळी अख्ख्या रांगेतले दिवे मंद झाले, असं लोक अजून सांगतात. लोक म्हणजे मीच, पण सांगतात हे खरं.

केबलसोबत एक कागद होता. नवी केबल कच्ची असते, काही आठवडे तिच्यातून सतत आवाज वाहू द्या, ती रुळली की मगच मन लावून ऐका, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. दुसरा कोणी हसला असता. मी पडलो स्टील प्लांटच्या कोक ओव्हनचा, कोळसा भाजायच्या भट्ट्यांचा माणूस. आमच्याकडे नवी भट्टी पेटवली की तिला महिनोन्महिने हळूहळू तापवतात. घाई केली की विटा तडकतात. त्यामुळे कागद मला लगेच पटला आणि मी केबलही भट्टीसारखीच तापवायला घेतली. पहिल्या दिवशी रेडिओ इतका बारीक लावला की मुंगीलासुद्धा कान द्यावा लागला असता. मग रोज बटण केसभर पुढे. एकदम चढवलं तर आतलं तांबं तडकेल, हे मी शिफ्टमध्ये सगळ्यांना समजावून सांगायचो.

"अबे, केबल आहे का बाळंतीण?" आमचा फोरमन म्हणायचा.

"दोघींची सारखीच काळजी घ्या लागते, साहेब."

वेळ माझ्याकडे रग्गड होता. पोरगी लग्न होऊन गेलेली. सासूबाईंना नागपुरात अर्धांगवायूचा झटका आला, आणि बायको त्यांची एकुलती एक लेक. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली, ती उन्हाळा सरला, दिवाळी सरली तरी तिथंच. तिचं तरी काय चुकलं होतं? मी डब्यात पोळीऐवजी पाव नेऊ लागलो. पिठलं असं करायचो की त्याने ब्लास्ट फर्नेसचं भोक बुजवता आलं असतं. ते एकट्याने खायचं, एकच ताट धुवायचं, अन् ते एकच ताट फळीवर उभं करून ठेवायचं.

रेडिओ मात्र दिवसभर सुरू. मी प्लांटमध्ये असलो तरी सुरू. प्लांटची लाल धूळ आत येते म्हणून खिडक्या बंद, दाराला कुलूप, अन् आत गाणी, बातम्या, शेतीच्या गोष्टी. ड्यूटीवरून येऊन कुलपात किल्ली घातली की आतून कोणीतरी बोलत असायचं. मी चपला काढता काढता "आलो" म्हणायचो. बाहेर ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. बाहेर मी तांब्याच्या कणांबद्दल बोलायचो.

संक्रांतीच्या सुमारास शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. मी ड्यूटीवर. पण आतून बाईचा आवाज! त्यांना वाटलं, आमची ही परत आली. त्यांनी कडी वाजवली, हाक मारली. आतली बाई हसली, अन् दार काही उघडेना. मग वहिनींनी कान देऊन ऐकलं, तर ती फर्राटेदार हिंदीत बोलत होती. आता त्या स्पीकरांचं कौतुकच हे होतं की माणूस खोलीत बसून बोलतं आहे असं वाटावं. अन् रेडिओवरचा सकाळचा महिलांचा कार्यक्रम रोजचाच. बाई रोज बोलायची, रोज हसायची, अन् दार रोज बंद.

वहिनींनी मला काही विचारलं नाही. त्यांनी चौकातल्या एसटीडी बूथवरून नागपूरला फोन केला.

माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या गाडीने, बायको दारात. हातात पिशवी, कपाळावर आठी. कुंपणापलीकडे वहिनी धुतलेलीच चादर पुन्हा पिळत उभ्या.

"कुठी आहे ते?" बायकोने विचारलं.

"कोण?"

"हिंदीवाली."

मी तिला पुढच्या खोलीत नेलं. बटण फिरवून आवाज चढवला. बाई भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करावं ते सांगत होती. बायकोने स्पीकरकडे पाहिलं, मग खरंच वाकून स्पीकरच्या मागे पाहिलं.

"हे?"

"हेच."

"माह्या हातची भेंडी वीस वर्षं खाल्ली, कधी तोंडातून शब्द नाही निघाला. अन् हिचं दिवसभर ऐकून राहिले?" असं म्हणून ती अशी हसली की वहिनींची चादर चिखलात पडली. हसता हसता पदराने डोळे पुसले. मग विचारलं, "पण तुम्ही तं ड्यूटीवर असता. मंग दिवसभर काहून लावून ठेवता?"

"केबलसाठी."

ती आत गेली. फळीवरच्या त्या एका ताटाजवळ बराच वेळ उभी राहिली, मग मागचं दुसरं काढून धुतलं.

जेवणं झाली. तिला दुपारच्याच गाडीने परत जायचं होतं; आईजवळ शेजारीण संध्याकाळपर्यंतच बसणार होती. मी म्हटलं, "आता बस. केबल आज रुळली असं समज." तिच्या आवडीची भावगीतांची कॅसेट लावली. इतके आठवडे मी स्वतः ऐकली नव्हती, तिच्यासाठी राखून ठेवली होती. ती वेताच्या खुर्चीत बसली. गाण्याचा पहिला अंतरा यायच्या आत तिची मान कलली.

आजाऱ्याला रात्रभर कूस बदलून देणाऱ्याची ती झोप होती. तिच्या हातांना मालिशच्या तेलाचा वास येत होता. कॅसेटची बाजू संपली, खटका वाजला, तरी ती हलली नाही. कॅसेट उलटी करायला मी उठलो नाही. खोलीत पहिल्यांदाच काही वाजत नव्हतं, अन् तरी मला बरं वाटत होतं.

घड्याळ पुढे सरकत होतं. मी हललो नाही. घड्याळ मागे पडलं होतं, स्कूटर सुरूच झाली नाही, गाडीच रद्द झाली, यांतलं काहीही सांगणं माझ्यासारख्याला काय जड? तिने विश्वासही ठेवला असता. निदान ठेवल्यासारखं केलं असतं. एक रात्र तरी ती राहिली असती. नागपूरच्या त्या खाटेवर संध्याकाळनंतर कोण कूस बदलून देईल, एवढा एकच प्रश्न होता.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ. गाडी."

"राहू द्या नं," डोळे न उघडताच ती म्हणाली, "बंद नका करू. चांगलं वाजून राहिलं."

मी स्कूटरची किल्ली उचलली आणि तिला पुन्हा हलवलं.