अर्विनचं चौथं पडणं

आमच्या टर्लिंगच्या शाळेचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान अर्विन मिकेस्का राखतो. गवत कापतो, पाणी सोडतो आणि दर गुरुवारी पांढऱ्या रेघा मारतो. त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, म्हणून यंत्र ढकलताना तो पाय बाजूने फिरवून पुढे टाकतो. रेघा मात्र सरळ येतात. गावात कुठेही दिसला की कोणीतरी हाक मारतं, "काय अर्विन, आज पडला नाहीस?" अर्विन हात वर करतो आणि पुढे जातो. हाक मारणाऱ्यांतले निम्मे तो सामना झाला तेव्हा जन्मलेही नव्हते.

सामना एकोणनव्वद सालचा, नोव्हेंबरातला. मी तेव्हा शाळेची बस चालवायचो आणि शुक्रवारी संघाला पाणी पाजायचो, म्हणून मला कोच स्टॅनफिलच्या शेजारी उभं राहायला मिळायचं. बाकी माझं खेळातलं ज्ञान काही सांगण्यासारखं नाही. सगळं नीट आठवतंय असंही म्हणत नाही, पण अर्विनचं आठवतं.

बाद फेरीत आमची गाठ क्विनार्ड गावच्या संघाशी पडली होती. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे पळणाऱ्याला पाडतात. एरवी एक चाल संपली की दोन्हीकडचे अकरा-अकरा जण घोळका करतात आणि पुढची चाल ठरवतात. तेवढ्यात दमलेला बाहेर येतो, ताजा आत जातो. क्विनार्डवाले घोळका करायचेच नाहीत. चाल संपली की पळत जाऊन रांगेत उभे राहायचे, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगणारा गडी, एखाददुसरा शब्द ओरडायचा, की चेंडू सुटला. समोरच्यांना माणूस बदलायला उसंतच नाही. उत्तरार्धात समोरचे गडी कमरेवर हात ठेवून उभे असायचे आणि क्विनार्डची पोरं त्यांच्यामधून चालत गेल्यासारखी जायची.

आमचा सगळा बचाव एका ट्रॉय बॉइडवर उभा होता. तीनशे पौंडांचा गडी. त्याला हलवणारं त्या वर्षी कोणी भेटलं नव्हतं, पण तीन चालींनंतर त्याला श्वास लागायचा.

सोमवारी सामानाच्या खोलीत कोचने सगळ्यांना बसवलं.

"मागच्या फेरीत यांच्यासमोर दोन पोरं ओकली," कोच म्हणाला. "ट्रॉय, तू तर मरशील."

"मरतो कशाला कोच, आडवा पडतो की," ट्रॉय म्हणाला. "कोणी पडलं की पंच घड्याळ थांबवतात. मला तर सोंगही करावं लागणार नाही."

पोरं हसली. कोचही हसला.

"पडणाऱ्याला एका चालीसाठी बाहेर यावं लागतं, गाढवा. तू बाहेर आलास तर तेवढ्यात ते तुझ्या जागेतून कापसाचा ट्रक नेतील. तू आत उभा राहून श्वास घ्यायचास. पडायला दुसरा कोणीतरी पाहिजे. जो बाहेर गेला तरी आपल्याला काही फरक पडणार नाही असा." त्याने खोलीभर नजर फिरवली. "अर्विन."

अर्विन मागे सामानाच्या पेटीवर बसला होता. तीन वर्षं संघात होता आणि तीन वर्षं बाकावर होता. काही चुकलं असं वाटून तो उठून उभा राहिला.

"हो, सर."

"शुक्रवारी तू खेळणार आहेस."

बाकीच्यांनी आधीचं वाक्य ऐकलं होतं. अर्विनच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, याने हेच एक ऐकलं.

त्याचा बाप ऑटो कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. त्या दिवसांत जिन रात्रंदिवस चालते, सुटी मागायची रीतच नाही. ऑटोने मागितली. "माझा पोरगा खेळतोय," एवढंच मुकादमाला सांगितलं. आई लॉरेनने संघासाठी जर्दाळू भरलेल्या कोलाचीचे, म्हणजे गोड पावांचे, दोन ट्रे भाजले. कोचने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे अर्विन नक्की कशासाठी खेळणार हे घरी कोणाला माहीत नव्हतं.

आठवडाभर सराव संपला की कोच त्याला पडायला शिकवायचा.

"चेंडूपासून लांब पड. पोटरी धर, पोट नको, पोट धरलं की पोरींसारखं दिसतं. मी टोपी काढून डोकं खाजवलं की पडायचं. पडल्यावर माझ्याकडे बघायचं नाही. बघितलंस तर आंधळ्यालाही कळेल. आणि उठायची घाई नको. ट्रॉयचा श्वास खाली बसेपर्यंत लोळ."

"समोरून कोणी चेंडू घेऊन आला तर, कोच? पाडू त्याला?"

"तू?" कोच म्हणाला. "तू स्वतः पड, तेवढं बास."

शुक्रवारी सगळं गाव मैदानात होतं. दुसऱ्या सत्रात क्विनार्डची गाडी सुटली. ट्रॉयच्या तोंडाला फेस यायला लागला तशी कोचने टोपी काढली. अर्विन पुढच्या चालीत दोन पावलं पळाला आणि पोटरी धरून कोसळला. इतका छान पडला की आमच्या बाजूची माणसं 'अरेरे' करत उभी राहिली. मी बाटली घेऊन धावलो.

"मिस्टर व्हर्ज," तो तोंड झाकून म्हणाला, "बरोबर पडलो ना?"

"बरोबर. बोलू नकोस."

तिसऱ्या सत्रात तो पुन्हा पडला. या वेळी लॉरेन रडत कुंपणापर्यंत आली. मागोमाग ऑटोही. मी बाटली टेकवली तेव्हा अर्विन म्हणाला, "मम्माला सांगा हो, काही झालेलं नाही."

मी कुंपणापाशी गेलो आणि हळूच सांगितलं, कोचचं ठरलेलं आहे, सोंग आहे, पोरगा धडधाकट आहे. लॉरेनने डोळे पुसले. ऑटो मैदानाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे याच्यासाठी घेतलाय त्याला." आणि जागेवर जाऊन बसला.

तिसऱ्यांदा पडला तोवर कोणापासून काही लपलं नव्हतं. क्विनार्डवाले हुर्यो करत होते. आमची माणसं हसत होती, टाळ्या पिटत होती. "लोळ बाळा, लोळ!" कोणीतरी ओरडलं. पंच कोचपाशी आला.

"या पोराला पुन्हा लोळताना बघितलं तर तुम्हाला दंड लावीन."

"नाजूक पोरगं आहे, सर," कोच म्हणाला. "आईने दुधावर वाढवलंय."

मग अर्विनला जवळ घेऊन सांगितलं, "आता पडायचं नाही. शेवटची मिनिटं आपली आहेत. घड्याळ पळू दे. घड्याळ थांबलं तर त्यांचा फायदा. कळलं?"

"कळलं, सर. मग मी बाहेर बसू?"

अर्विनच्या जागचा खरा गडी तोवर खांदा धरून बाकावर बसला होता. त्याचं खरंच दुखत होतं. कोचने त्याच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"जा आत. नुसता उभा राहा."

आम्ही चार गुणांनी पुढे होतो. घड्याळावर एक मिनिटही उरलं नव्हतं, आणि क्विनार्डच्या हातात आता घड्याळ थांबवायची एकही संधी नव्हती. चेंडू सुटला आणि त्यांचा सगळ्यात वेगवान पोरगा अर्विनच्या बाजूने आला. अर्विन नुसता उभा राहिला नाही. त्याने खांदा घातला, त्या पोराच्या दोन्ही मांड्या कवळल्या आणि त्याला मागे पाडलं. त्याच्या आयुष्यातली ती एकुलती एक पकड. पकड इतकी चांगली होती की आमचं गाव ओरडायलाच विसरलं. तेवढ्यात त्यांचा एक धिप्पाड गडी मागून आला आणि अर्विनच्या गुडघ्यावर पडला.

ते पोरगं उठलं, धिप्पाडही उठला. अर्विन उठला नाही.

"आत्ता नको!" कोच ओरडला. "ऊठ! अर्विन, आत्ता नको!"

क्विनार्डवाले रांगेत उभेही राहिले होते. पंचाने अर्विनकडे बघितलं आणि शिट्टी तोंडात नेली नाही. ट्रॉयने वाकून त्याचा शर्ट धरला.

"ऊठ ना भडव्या. कोचने टोपी काढलेली नाही."

"ट्रॉय, खरं लागलंय."

"तिन्ही वेळा तू हेच म्हणालास," ट्रॉय म्हणाला आणि त्याला ओढून उभा केला. सगळं गाव उभं राहून ओरडत होतं, ऊठ, ऊठ. ऑटोचा आवाज त्यात मला वेगळा ऐकू आला, कारण त्या रात्री तो पहिल्यांदाच ओरडत होता.

आणि अर्विन उभा राहिला, डाव्या पायावर. उजव्या पायाचं टोक नुसतं गवताला टेकवून तो ओळीत आला. घड्याळ पळायला हवं होतं म्हणून उभा राहिला. क्विनार्डच्या क्वार्टरबॅकने मान वळवून त्याला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. मग एकच शब्द ओरडला. चेंडू त्याच बाजूने आला. चेंडूवाला अर्विनला चुकवायलाही वाकडा झाला नाही, शेजारून सरळ पळाला आणि थेट आमच्या शेवटच्या रेषेपार गेला. त्याचे सहा गुण, म्हणजे आम्ही हरलो. अर्विन वळायला गेला आणि जागच्या जागी कोसळला. या वेळी त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

मी गेलो तेव्हा गुडघा पायमोज्याबाहेर खरबुजासारखा आला होता. मी कोचला हाक मारली. कोच म्हणाला, "राहू दे त्याला तिथेच. पडायची हौस आहे ना."

ऑटोने त्याला गाडीत घातलं आणि घरी नेऊन सोफ्यावर टाकलं. दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, लॉरेन हट्टाला पेटली तेव्हा. आतले बंध तुटले होते. डॉक्टरने विचारलं, लगेच का नाही आणलंत? ऑटो म्हणाला, "तो उठून उभा राहिला होता."

गावही तेच म्हणालं. खरं लागलं असतं तर उठला असता का? लागलं असेल तर नंतर लागलं, शेवटच्या चालीत, तेही स्वतःच्या पायात पाय अडकून. कोचने गावच्या वर्तमानपत्राला सांगितलं, "पोराचा गोंधळ उडाला. पडायची वेळ नव्हती तेव्हा पडला. लहान आहे, मी त्याला दोष देत नाही." दोष देत नाही म्हटल्यामुळे लोकांना कोच मोठ्या मनाचा वाटला.

अर्विनला जिनमध्ये काम मिळालं नाही, शिड्या चढता येईनात. शाळेने मैदानावर ठेवून घेतलं. ऑटो फुप्फुसात कापसाचं तूस बसून गेला. शेवटच्या आठवड्यात अर्विन त्याला पाणी पाजत होता, मीही तिथे होतो. अर्विन म्हणाला, "डॅडी, ते चौथं खरं होतं." ऑटोने पाणी गिळलं. म्हणाला, "असू दे रे आता." म्हणजे त्याने मानलं की नाही, ते अर्विनलाही कळलं नाही.

पंचवीस वर्षांनी शाळेने त्या संघाचा सत्कार ठरवला. कोच स्टॅनफिल मुलीकडे राहायला गेला होता, तो आदल्या दिवशी आला आणि मैदान बघायला उतरला. अर्विन रेघा मारत होता, मी रंग कालवत होतो. म्हातारा झाला होता कोच, पण टोपी तशीच.

"अर्विन, पोरा, अजून उभा आहेस तर."

"हो, सर." अर्विनने यंत्र थांबवलं. "कोच, एक मागायचं होतं."

"माग की."

"उद्या माइक तुमच्या हातात असेल. ते चौथं खरं होतं एवढं सांगा. तुमचं ऐकतात सगळे. बाकी काही नको."

कोच हसला. "पंचवीस वर्षं हेच घेऊन बसलायस?"

अर्विनने यंत्राच्या चाकाला लागलेला रंग पुसला.

"बरं, सांगतो," कोच म्हणाला. "त्यात काय एवढं. पण आधी लोकांना थोडं हसू दे. हसलेली माणसं चांगलं ऐकतात."

त्या रात्री अर्विनने शर्टाला इस्त्री केली, असं लॉरेनने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्याच्या मध्यंतरात जुना संघ मैदानाच्या मधोमध उभा राहिला. ट्रॉय काठी टेकत आला होता. कोचने माइक घेतला, दोन-चार नावं घेतली, मग म्हणाला, "आणि हा आमचा अर्विन. याला तुम्ही ओळखता." लोक हसले.  कोचने सावकाश टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

सगळं मैदान खो खो हसायला लागलं. "लोळ, अर्विन!" बाकांवरून आवाज आले. पोरं फोन उंच धरून उभी राहिली. अर्विन कोचकडे बघत होता. कोचने माइक झाकून त्याला मान हलवली, म्हणजे कर की, मग सांगतो.

पंचेचाळिशीच्या आसपासचा माणूस, न वाकणारा गुडघा, इस्त्रीचा शर्ट. तो पोटरी धरून पडला. तसाच पडला, चेंडूपासून लांब पडल्यासारखा, कोचकडे न बघता. मला अजून वाटतं, इतकं चांगलं तो तेव्हाही पडला नव्हता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोचही टाळ्या वाजवत होता, माइक काखेत धरून. मग वाद्यवृंद सुरू झाला, निवेदकाने आभार मानले, कोणीतरी येऊन कोचच्या काखेतला माइक काढून घेतला, आणि जुना संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला कडेला गेला.

अर्विन तिथेच होता. गुडघा अडकला होता. लोकांना वाटलं अजून गंमत चालली आहे, ते आणखी हसले. मी बाटली घेऊन निघालो, पण आता माझी चाल ती काय. माझ्या आधी त्या दिवसाचा एक पंच पोचला, दुसऱ्या जिल्ह्यातला कोवळा पोरगा, त्याला आमच्या गावचं काही माहीत नव्हतं. उत्तरार्ध सुरू व्हायचा होता. तो अर्विनपाशी गुडघ्यावर बसला.

"मिस्टर," तो म्हणाला, "खरंच लागलंय का तुम्हाला?"

अर्विन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मान वळवून कडेला फोटोसाठी उभ्या असलेल्या कोचकडे बघितलं.

"नाही, सर," तो म्हणाला. "उठतो मी."