वर अडकलेलं शटर

आमच्या चौकातलं बर्गरचं दुकान चोवीस तास उघडं असतं. सुरू झालं तेव्हा मालक सगळ्यांना सांगत होते, "दुकान रात्रंदिवस चाललं की कामाच्या नव्या जागा निघतील."

परवा सकाळी मी तिथे रांगेत होतो. तळणीवरच्या सुमनताई सलग दुसरी पाळी करत होत्या. त्या उभ्या उभ्या कोसळल्या आणि गाडीत घालेपर्यंत गेल्यासुद्धा. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "दहा मिनिटं तरी बंद ठेवू या." दोघांनी शटर ओढलं, पण ते हललंच नाही. उद्घाटनापासून एकदाही खाली न आल्याने ते वरच गंजून बसलं होतं. दार उघडं दिसतंय म्हटल्यावर गिऱ्हाईक येतच राहिलं.

"अजून किती वेळ?" मागच्या बाईंनी विचारलं. खोटं कशाला बोलू, मलाही तेच विचारायचं होतं.

माणूस गेलं की आपल्याकडे घरात चूल पेटत नाही. इथे तेलाखालची आच कमी करायचंही कुणाला सुचलं नाही. माझा बर्गर छान गरम होता.

संध्याकाळी काचेवर कागद लागला, 'तळणीसाठी बाई पाहिजे.'

मालक खोटं बोलले नव्हते. निघाली की एक जागा.