न चाखता केलेले आलुबोंडे

टीव्हीवर एक स्पर्धा लागते. बाजारातला एखादा नाश्ता समोर ठेवतात नि स्पर्धकानं तो चाखून हुबेहूब तसाच करायचा. सगळ्यांत मन लावून ती बघतात माझ्या सासूबाई, नि तेही भांडायला. स्पर्धकानं शिजतं अन्न चमच्यानं तोंडात घातलं की यांचा पारा चढलाच. देवाला दाखवल्याशिवाय स्वयंपाक चाखायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नियम.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. ताप उतरला, वासही येत होता, पण जिभेची चव गेली ती गेलीच. मीठ नि साखर सारखंच लागायला लागलं. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू, पण चार महिने झाले तरी पत्ता नाही. एक दिवस त्यांनी मसाल्याचा डबा माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "आता माह्याच्यानं नाई होत. तूच सांभाळ." आधी त्या मला ओट्याजवळ फिरकू देत नसत, तेव्हा मी धुसफुसायचे. आता ओटा मिळाला तर मलाच रडू यायला लागलं.

एका रविवारी स्पर्धेत आलुबोंडा आला. स्पर्धकानं त्याचा पार लगदा केला. सासूबाई त्याला नाही नाही ते बोलल्या. मीही मुद्दाम डिवचलं, की बोलणं सोपं असतं, करून दाखवा. बालाघाटच्या बसस्टँडवरच्या गाडीवर मिळतो तसा बोंडा दोघींनी करायचा, नि निकाल तुमच्या मुलानं द्यायचा, डोळ्यांवर ओढणी बांधून. नवरा भरवेलीच्या खाणीत कामाला जाताना रोज त्याच गाडीवर खातो, त्याला फसवणं शक्य नाही. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. मग पदर खोचून उठल्या.

गाडीवरून नमुन्याचे बोंडे आणले. मी टीव्हीतल्यासारखी एक घास नमुन्याचा, एक माझ्या बटाट्याच्या भाजीचा घेत राहिले. मीठ कमी वाटलं, घातलं. परत कमी वाटलं, परत घातलं. मिरचीनं जीभ बधिर झाली होती, पण हे लक्षात कोण घेतो! सासूबाईंनी नमुना नुसता फोडला, वास घेतला, धने जाडसर कुटलेत म्हणाल्या. मीठ तळहातावर घेतलं, जरा परत टाकलं. माझ्या मनात आलं, अळणी निघाले तर ही बाई पुन्हा ओट्याचं नाव काढायची नाही.

पहिला बोंडा देवापुढे गेला. मग नवऱ्यानं माझा बोंडा तोंडात घातला नि पाण्यासाठी चाचपडायला लागला. दुसरा खाता खाता थांबला. ओढणी वर करून म्हणाला, "हा तर गाडीवरचाच हाय. आईनं केलेला कुठी हाय?"

सासूबाईंनी हातातला झारा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले.

"काहून वं," त्या मला म्हणाल्या, "मी जन्मात कधी चाखून केलं होतं? मंग चार महिने बसून काहून राह्यली?"

मी नुसती हसत होते नि डोळे पुसत होते.

माझ्या बोंड्यांना कोणी हात लावेना. सासूबाईंनीच ताटली ओढली नि दोन खाल्ले. "मस्त झाले," म्हणाल्या, "मले तर खारट लागूनच नाई राह्यले." चव गेल्यापासून त्या पहिल्यांदाच स्वतःच्या जिभेवर हसल्या.

संध्याकाळी मी फोडणीला कढई ठेवली, तर मागून कोपर लागलं.

"सरक तिकडं," सासूबाई म्हणाल्या. मसाल्याचा डबा त्यांच्या हातात होता.