मला तंबाखूचं काम येत होतं

आमच्या गावात अजून सांगतात की कतारच्या एका अरबानं बापाला पोटच्या लेकीच्या लग्नाला सोडलं नाही. ऐकणारे हळहळतात. मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतं, त्या बापाच्या जागी बसून कन्यादान केलं ते या माणसानं. ही गोष्ट मी कधी खोडून काढली नाही. आता चार पावलं चाललं तरी दम लागतो, आणि हा फुकटचा चांगुलपणा तर अजिबात पेलवत नाही. म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतो.

मी निपाणीकडचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आणि हंगामात आम्ही भावंडं लोकांच्या शेतात शेंडे खुडायला. तंबाखूला फूल येऊ द्यायचं नसतं. शेंडा मोडायचा, मग पानांच्या बगलेत येणारे फुटवे काढत राहायचं, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. दवानं भिजलेल्या पानांत सकाळभर वावरलं की चीक अंगात जिरतो, डोकं गरगरतं, ओकाऱ्या होतात. हातावरचा काळा थर साबणानं जात नाही. शाळेत मी हात बाकाखाली धरून बसायचो. टायपिंग शिकलो, कारकून झालो, ते सगळं त्या हातांपासून लांब जाण्यासाठी.

नव्वदचं दशक संपत आलं असताना मी दोह्यातल्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला लागलो. त्याला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. वर्षभरात त्यानं मला उत्तरेला, अल रुवैसच्या अलीकडे असलेल्या त्याच्या शेतावर देखरेखीला पाठवलं. खजुराच्या रांगा, जनावरांसाठी हिरवा चारा, टोमॅटो, काकडी. कामाला बंगाली आणि नेपाळी माणसं. त्यांचे पासपोर्ट माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असायचे आणि किल्ली माझ्या कमरेला. देश सोडायचा तर अरबाबची सही लागायची. ही तिथली रीत होती, आणि रीत म्हटलं की माणूस त्याबद्दल विचार करायचं सोडतो. मीही सोडला होता.

शेतावर एक म्हातारा राहायचा. काळा, उंच, डोळे पाणावलेले. सगळे त्याला शैबा म्हणत, म्हणजे म्हाताराच. तो अरबाबच्या आजोबांच्या घरात गुलाम म्हणून जन्मला होता. तरुणपणी त्यांच्या होडीवरून मोत्यांसाठी बुड्या मारल्या. पुढे हुकूम निघाला, गुलाम मोकळे झाले, तरी तो त्याच घरात राहिला आणि त्याच घराण्याचं नाव लावू लागला. अरबाबला त्यानं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. अरबाब आला की आधी त्याच्या कपाळाचा मुका घ्यायचा, मग आमच्याकडे बघायचा. एकदा चहा पिताना शैबा सहज बोलून गेला, "माझ्या आईला ज्यानं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकलं, तो माणूस तिच्याच गावचा होता. तिला नीट ओळखत होता." आणि त्यानं आणखी साखर मागितली.

शैबाला मातीच्या गुडगुडीचा नाद. दुकानातल्या तंबाखूनं खोकला येतो, चव नाही, अशी त्याची रोजची कुरकुर. अरबाबला कळलं की मी तंबाखूच्या मुलखातला. त्यानं विचारलं, "घरापुरता लावायचा. तुला येतो?"

मी म्हणालो, "नाही अरबाब. मी कागदावरचा माणूस. पण येणारा माणूस आणून देतो."

असा माझा गाववाला कतारला आला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायचा. हात असा की वाळूतसुद्धा त्यानं पान पिकवलं. थंडीत समुद्राकडून दव यायचं, तसं आमच्याकडेही पडत नाही. भिजून, ओकून तो खोलीवर यायचा आणि म्हणायचा, "अण्णा, विमानात बसून आलो आन् पुन्यांदा तंबाखूतच पडलो बघा." मी हसायचो. खुडणीच्या दिवसांत माणसं कमी पडायची, पण मी कधी त्या वाफ्यात पाय टाकला नाही. त्याच्यासमोरसुद्धा मी शिकलेला, तंबाखूतलं न कळणारा म्हणूनच वावरत होतो. लहानपणी आमची घरं गावाच्या दोन टोकांना होती, त्यामुळे त्यालाही ते खरं वाटायचं.

त्याला येऊन दोन हंगाम झाले आणि घरून फोन आला की लेकीचं लग्न ठरलं. फाल्गुनातली तारीख. नेमकी पानं काढायची, वाळवायची वेळ. माझी रजा त्याच दिवसांत आधीच मंजूर होती. दोन वर्षांनी घरी जायचं होतं, बायकोला कळवून झालं होतं.

"थळ चांगलं हाय, अण्णा," तो म्हणाला. "पोरगा मास्तर हाय. ती मानसं थांबायची न्हाईत. तुमी अरबाबच्या कानावर घाला. म्हनावं, म्हाताऱ्याच्या गुडगुडीपायी माझी लेक बिनबापाची बोहल्यावर चढंल."

शुक्रवारी अरबाब आला. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, शैबा लोडाला टेकून बसला होता. मी विषय काढला. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत, मधे मधे अरबी.

"लेकीचं लग्न? मबरूक," अरबाब म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. मग त्यानं हिशेब लावला. "पण तू जाणार, तोही जाणार. मग तंबाखू?"

शैबा म्हणाला, "जाऊ दे पीक. मी दुकानातला ओढेन."

"आणि रात्रभर खोकशील," अरबाब म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्यानं साधं विचारलं, "पान वाळवायचं काम दुसरा कोणी गडी जाणतो?"

शैबाही माझ्याकडे बघत होता. "तुझ्या गावात होतो ना तंबाखू?" तो म्हणाला. "तुला थोडंसुद्धा येत नाही?"

मला सगळं येत होतं. कुठलं पान आधी काढायचं, किती वाळवायचं, ढीग कधी उलटायचा, दवात गोळा केलं नाही तर पानाचा चुरा होतो, सगळं. एक शब्द बोललो असतो तर तो गेला असता आणि मी राहिलो असतो. माझी रजा गेली असती, एवढंच. आणि ते हात पुन्हा काळे झाले असते.

"नाही," मी म्हणालो. "कोणालाच येत नाही. त्याच्यासारखा हात साऱ्या कतारमध्ये नाही."

हे शेवटचं वाक्य मी का जोडलं ते मला आजही सांगता येत नाही. अरबाबला ते पटलं. "मग पीक निघालं की लगेच पाठवू. इन्शाल्ला," तो म्हणाला. विषय खलास.

गाववाला बाहेर पंपापाशी थांबला होता.

"न्हाई म्हनाला?"

"नाही म्हणाला."

तो बराच वेळ पाण्याच्या धारेत हात चोळत राहिला. मग म्हणाला, "तुमी तर चाललाय. तुमी आन् वैनी बसा माझ्या जागी. मला भाऊ न्हाई. तुमच्यासारखा दुसरा कोन हाय?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड नव्हतं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. काहीतरी फेडल्यासारखं.

लग्न गोरज मुहूर्तावर झालं. नवरीचा हात माझ्या ओंजळीत, वरून बायको पाण्याची धार सोडत होती. मुलीची आई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. नवरा जिवंत असून तिला जोडीनं बसता आलं नव्हतं. तिनंच पहिल्यांदा सगळ्यांना सांगितलं, "अरबानं सोडलं न्हाई, पन ह्यांनी देवासारखं केलं." जेवणाच्या पंगतीत मला पाटावर बसवून आग्रह झाला. मी दोन जिलब्या जास्तच खाल्ल्या.

परत गेलो तेव्हा तंबाखू तयार होऊन पोत्यांत बसला होता. शैबानं गुडगुडी भरून एक झुरका घेतला आणि मान डोलावली. गाववाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "रडली काय?"

"रडली."

"माझी आठवन काढली?"

"काढली."

"बरं झालं तुमी हुता," तो म्हणाला आणि वाफ्यातली खुंटं उपटायला गेला. अरबाबनं शब्द पाळला, त्याला सुट्टी दिली. पण तोवर मुलगी सासरी जाऊन रुळली होती. त्यानं जाऊन तिच्या घरी पाहुण्यासारखा चहा घेतला.

आता आम्ही दोघंही गावातच आहोत. मागच्या थंडीत मी त्याच्या शेतावर गेलो आणि बांधावर बसून सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना.

"अण्णा, वय झालं तुमचं," तो म्हणाला. "काय बी मनाला लावून घेताय. तुमाला कुठलं आलंय तंबाखूचं?"

मी उठलो आणि समोरच्या सरीत उतरलो. गुडघे साथ देत नव्हते, पण बोटांना काही सांगावं लागलं नाही. शेंडा मोडला, फुटवे काढले, पुढच्या झाडाला गेलो. सरीच्या मध्यापर्यंत पोचलो तेव्हा तो म्हणाला, "बास."

मी वळून बघितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, मोडलेल्या शेंड्यांकडे बघत होता. "कुनाजवळ शिकला?"

"आईजवळ."

तो खाली बसला. म्हणाला, "लेकीला तुमी सांगायचं. माझ्या तोंडानं नको." त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही. तो रस्त्यात भेटला तर मान हलवतो, अण्णा म्हणत नाही. ते बरोबरच आहे.

त्याची मुलगी दर दिवाळीला आमच्याकडे येते. आता तिचीच मुलगी लग्नाची झाली आहे. या वेळी ती पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला आधी बसायला सांगितलं. बायकोही तिथंच होती. तिलाही हे माहीत नव्हतं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. संपल्यावर मुलीनं एवढंच विचारलं, "माझ्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा बाबा काय करत असतील?"

"तंबाखूत होता," मी म्हणालो.

तिनं पदर सारखा केला, फराळाचा डबा टेबलावर ठेवला आणि वडिलांच्या घराकडे गेली. पाया पडायचं राहून गेलं, किंवा तिनं राहू दिलं.